इतिहासाच्या ग्रुपवर सुप्रभातची फुलं

 

आज एका साध्याच अडचणीबद्दल बोलायचं आहे. गावाच्या जुन्या आठवणी जमवाव्यात म्हणून आपण बायका मिळून फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढतो. माहेरवाशिणी, सासुरवाशिणी, मुंबईच्या काकी, पुण्याच्या वहिनी, सगळ्यांना त्यात घेतो. पहिले आठ दिवस सुरेख जातात. कुणी जुन्या शाळेचा फोटो टाकते, कुणी विहीर कुणी खणली ते सांगते. मग हळूहळू सुप्रभातची फुलं येतात, शुभरात्रीचा चंद्र येतो, वाढदिवसाचा केक येतो, हापूसच्या पेटीचा भाव येतो. महिन्याभरात अशी गत होते की इतिहास शोधायचा म्हटलं तर पाचशे फुलं बाजूला सारावी लागतात.

यात कुणाच्या मनात वाईट नसतं. फुलं पाठवणारी काकी मायेनेच पाठवते. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. बांधावरून भांडणाऱ्याला सरळ सांगता येतं, पण रोज सकाळी हात जोडून नमस्कार पाठवणाऱ्या बाईला काय सांगायचं?

आठवण वाहून जाते ती अशी

आधी हे पाहू, की एवढं मनावर घ्यायचं कशाला.

आपल्या चिपळूणच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला पाणी आलं आणि २२ जुलै २०२१ ला पुन्हा आलं. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा भांडी, धान्य, गाद्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर लग्नाचे अल्बम, शाळेचे दाखले, सासऱ्यांच्या हातची पत्रं, देवघरातली जुनी पोथीही गेली. भांडी परत घेता आली. आजीचा एकुलता एक फोटो चिखलात गेला, तो परत कुठून आणणार? लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे आपलं वाचनालय १८६४ सालचं. तिथली पुस्तकंसुद्धा पुराच्या पाण्यातून सुटली नाहीत.

कागद गेले की उरते ती माणसांची आठवण. ती बहुतेक बायकांच्याकडे असते, कारण पुरुषमाणसं चाकरीला मुंबईत आणि घर, गुरं, शेती, सणवार बघणारी बाई गावात, असंच आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. पण ती आठवण कुठे लिहिलेली नाही. म्हणून हा फोनवरचा ग्रुप म्हणजे नुसती करमणूक समजू नका.

आता त्या ग्रुपवर काय होतं ते बघा. ऐंशीच्या घरातली एखादी आजी लिहू शकत नाही. तिची नात तिच्या तोंडापुढे फोन धरते आणि आजी चार मिनिटं बोलते. भाताची लावणी कशी व्हायची, कुणाच्या खळ्यात किती बायका यायच्या, कुठली गाणी म्हणायच्या, असं बरंच काही. तो आवाज ग्रुपवर जातो. त्याच्या खाली दोन तासांत तीस चित्रं येऊन पडतात. ज्यांनी संध्याकाळी फोन उघडला त्यांना आजी दिसतच नाही. आजी नातीला विचारते, "कोण काय म्हणालं गो?" नात म्हणते, "कोणीच नाही." मग पुढच्या वेळी आजी बोलत नाही.

शिवाय फोन भरतो. जागा संपली की घरातला मुलगा सगळं एकदम पुसून टाकतो. त्यात फुलांबरोबर शाळेचा फोटोही जातो. आणि ज्यांना खरोखर सांगायचं असतं अशा बायका कंटाळून ग्रुपचा आवाज बंद करून ठेवतात.

सगळं एका मापाने मोजू नका

विषय सोडून येणारे निरोप साधारण तीन जातीचे असतात. तिघांना तीन तऱ्हांनी वागवायचं.

पहिले, निरुपद्रवी. सुप्रभात, सणाच्या शुभेच्छा, वाढदिवस, देवाचे फोटो. यात चूक एवढीच, की जागा चुकली.

दुसरे, उपयोगाचे पण दुसरीकडे शोभणारे. आंब्याची पेटी, काजूगर, शिलाई मशीन विकायचं आहे, रेशनकार्डाचं शिबिर आहे, एसटीची वेळ बदलली, लाइट कधी येणार. हे निरोप अडवायचे नाहीत, त्यांना जागा करून द्यायची.

तिसरे, नासधूस करणारे. जातीवरून, धर्मावरून टोचणारे. निवडणुकीचे. अफवांचे. आणि आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे जमिनीचे आणि मानपानाचे. पालखी आधी कुणाच्या दारात, मान कुणाचा, बांध कुणाचा, सातबाऱ्यावर नाव कुणाचं. हे इतिहासाचं रूप घेऊन येतं आणि दोन घरांची भांडणं लावून जातं. आपला ग्रुप म्हणजे तहसीलदाराची कचेरी नाही आणि गावकीची बैठकही नाही. शिमग्यात पालखी नाचवताना बायका काय करायच्या, कुठला नैवेद्य करायच्या, हे सांगा. मान कुणाचा याचा निवाडा इथे होणार नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवून टाकावं.

इतर दोन प्रकारांना वेळ देता येतो. तिसऱ्याला मात्र वेळ द्यायचा नाही. तो निरोप दिसला की अ‍ॅडमिनने काढायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅडमिनला कुणाचाही निरोप सगळ्यांसाठी पुसता येतो. आता पुष्कळ बायका भितात, की कुणी काही वाईट टाकलं तर पोलीस अ‍ॅडमिनला धरतील. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली एका प्रकरणात सांगितलं आहे, की दुसऱ्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला आणि आपण फक्त अ‍ॅडमिन आहोत, एवढ्यावरून अ‍ॅडमिनला दोषी धरता येत नाही. त्या कामात त्याचाही हेतू होता असं दिसावं लागतं. तेव्हा भिऊन अ‍ॅडमिनपण सोडू नका. पण कायद्याने वाचलो म्हणून घाण पडू द्यायची असंही नाही. आपलं अंगण आपणच झाडायचं.

जे फालतू वाटतं ते कधीकधी सोनं असतं

इथे एक सावधगिरी हवी. विषय सोडून काय, हे ठरवताना घाई करू नये. विशेषतः बायकांच्या बोलण्याच्या बाबतीत.

लोकांना इतिहास म्हटलं की गोवळकोटचा किल्ला आठवतो, परशुरामाचं देऊळ आठवतं, लढाया आठवतात. तेही हवंच. पण एखादी बाई लिहिते, "आमच्या सासूबाई कुळथाचं पिठलं मातीच्या तव्यात करायच्या," तर कुणीतरी लगेच म्हणतं, "हा रेसिपीचा ग्रुप नाही." थांबा. तो तवा कुठून यायचा? कुंभार कुठल्या गावचा? पैसे द्यायचे की भात द्यायचं? एवढं विचारलं की पिठल्यातून अख्ख्या गावाचा व्यवहार बाहेर येतो.

याचं मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून पुढे खेड्याखेड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून जास्त ओव्या. आता विचार करा, पहाटे दळायला बसलेली बाई काही ठरवून एका विषयावर गात नाही. सीतेवरून भावावर येते, भावावरून सासूवर, सासूवरून पावसावर. कुणी म्हणालं असतं, "बाई, विषय सोडू नका," तर काय हाती लागलं असतं? त्यांनी जे आलं ते घेतलं, ओवी कोणी गायली, कुठल्या गावची, तेही नोंदवलं, आणि मग विषयाप्रमाणे वेगवेगळं लावलं. आईच्या ओव्या एकीकडे, भावाच्या एकीकडे, बाबासाहेब आंबेडकरांवरच्या एकीकडे. आज त्या कुणालाही वाचता आणि ऐकता येतात.

यातून आपण घ्यायचं ते हे. बाईचं बोलणं आधी ऐकून घ्यावं. निवडानिवड नंतर, आणि निवडताना प्रत्येक गोष्टीला तिचा कप्पा द्यावा.

मग फूल कुठलं आणि सोनं कुठलं, हे ओळखायचं कसं? तीन प्रश्न लावून बघा. हे कुठलं? हे कधीचं? हे कुणी पाहिलं किंवा कुणाकडून ऐकलं? तीनपैकी दोनांची उत्तरं मिळत असली तर ते ठेवावं.

"पूर्वी बायका किती कष्ट करायच्या" हे सुविचारासारखं वाटतं. पण तीच बाई सांगू लागली, की कोयनेचं पाणी पोफळीकडून वाशिष्ठीत येऊ लागल्यावर आमच्या आईला नदीत काय फरक दिसला, तर तो इतिहास. "एसटी बंद आहे" हा निरोप. "कोकण रेल्वे सुरू होण्याआधी बाळंतपणाला माहेरी कशी आले" हा इतिहास. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईची मनीऑर्डर थांबली तेव्हा घर कसं चालवलं, कुणाकडे मजुरीला गेलो, काय गहाण टाकलं, हा तर असा इतिहास, की तो आपल्या बायकांशिवाय दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

याच्या उलटही असतं. इतिहासासारखं दिसतं आणि इतिहास नसतो. गडाचं झोकदार चित्र, खाली लांबलचक मजकूर, शेवटी "अभिमान असेल तर पुढे पाठवा." तीन प्रश्न लावा. कुठलं, माहीत नाही. कधीचं, सांगितलेलं नाही. कुणी पाहिलं, पत्ता नाही. निरोपाच्या वर दोन बाण दिसले तर तो अनेक हात फिरून आलेला आहे असं समजावं. असा मजकूर आपल्या गावच्या आठवणींत मिसळला, तर दहा वर्षांनी आपल्या नातवंडांना खरं कुठलं आणि फिरतं कुठलं ते कळणार नाही. म्हणून आम्ही तर म्हणू, सुप्रभातच्या फुलापेक्षा हा पाहुणा जास्त जड. फूल निदान फूल म्हणून ओळखू येतं.

ओटी वेगळी, माजघर वेगळं

आता करायचं काय? आपल्या कोकणातल्या घराकडे बघा. आल्यागेल्याला ओटी असते. तिथे पान खायचं, बाजारभाव बोलायचा, हसायचं. माजघरात सगळेच सरळ येत नाहीत. म्हणून ओटीवर बसलेल्या माणसाला अपमान वाटतो का? नाही. ओटी असते म्हणून माजघर नीट राहतं.

तसेच दोन ग्रुप करा. एकाचं नावच "ओटी" ठेवा. तिथे शुभेच्छा, आंबे, लाइट, एसटी, सगळं चालेल. दुसऱ्याचं नाव गावाच्या नावाने, "अमुक गावच्या आठवणी". नाव असं हवं की वाचताच काम कळावं. नुसतं "आम्ही मैत्रिणी" ठेवलं तर फुलं येणारच, त्यात फुलांचा काय दोष?

ग्रुपच्या माहितीच्या जागी चार ओळी लिहा. इथे आपल्या गावच्या जुन्या आठवणी, फोटो, गाणी, वस्तू यांबद्दल बोलायचं. फोटो टाकताना कुठला, कधीचा, कोण कोण, ते लिहायचं. दुसऱ्याचा फोटो त्या घरच्यांना विचारल्याशिवाय टाकायचा नाही. बाकी बोलणं "ओटी"वर. बस. पंधरा नियम लिहिले तर कुणी वाचणार नाही. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हेच बोलून आवाजात टाका.

आठवड्याला एक विषय द्या. या आठवड्यात विहीर, पुढच्या आठवड्यात सुईण, मग गौरी-गणपतीचं माहेरपण, मग शाळा, मग साकव. विषय समोर असला की बोलणारीला धागा मिळतो. रिकामी जागा दिसली की माणूस फूल ठेवतो, समोर प्रश्न असला की उत्तर देतो.

अ‍ॅडमिन एकटी नको. तिघी असाव्यात, वेगवेगळ्या वाड्यांतल्या. त्यात एक वयाने मोठी, जिचं सगळे ऐकतात, आणि एक तरुण, जिला फोन कळतो. एकाच घराकडे चाव्या असल्या की "आमचाच निरोप काढला" हे ठरलेलं. तिघींनी मिळून काढला, तर राग वाटून जातो.

सांगायचं ते कसं सांगायचं

मोठ्या माणसाला चारचौघांत टोकू नये, ही आपली रीत. ती फोनवरही पाळावी. ग्रुपवर "कृपया विषय सोडून पोस्ट करू नये" असं फर्मान टाकलं, की ज्यांनी काही केलं नाही त्या घाबरतात, आणि जिला सांगायचं तिला ते आपल्यासाठी आहे हे कळतच नाही.

त्यापेक्षा एकटीला फोन करा. असं म्हणता येईल: "काकी, तुमचं रोजचं फूल बघून बरं वाटतं. ते आता ओटीवर टाकाल? आणि काकी, तुमच्या लग्नात वऱ्हाड होडीतून आलं होतं ना, ते या ग्रुपवर सांगा की. बोला, मी लिहून घेते." बघा, यात नकार कमी आणि मागणी जास्त आहे. रोज फूल पाठवणाऱ्या बाईला बहुतेक वेळा एवढंच हवं असतं, की मी आहे हे कुणाला तरी कळावं. तिला विचारायला गेलात तर तीच तुमची सगळ्यात चांगली सांगणारी निघेल.

दोनदा सांगूनही ऐकलं नाही तर निरोप काढावा, आणि काढल्यावर का काढला ते तिला कळवावं. गुपचूप काढलं की मनात अढी बसते. ग्रुपमधून माणूस काढणं हा अगदी शेवटचा उपाय, आणि तो तिसऱ्या प्रकारच्या निरोपांसाठीच.

दोन प्रसंगी नियम सैल करायला हवेत, तेही सांगून ठेवतो. एक, कुणी जुनं माणूस गेलं तर. तेव्हा लोक श्रद्धांजली लिहिणारच आणि लिहावीच. दिवस झाल्यावर, घरच्यांची परवानगी घेऊन, एखाद्या अ‍ॅडमिनने विचारावं, "आजींची एकेक आठवण सांगा." हात जोडलेल्या शंभर चित्रांपेक्षा त्या घराला त्या दहा आठवणी जास्त मोलाच्या वाटतील.

दुसरा प्रसंग पाण्याचा. नदी चढायला लागली की आठवणी बाजूला. पण तेव्हाच अफवाही उठतात. "धरण फुटलं" हे शब्द आपल्या तालुक्यात कुणी हलके घेत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवऱ्याचं धरण फुटलं आणि माणसं वाहून गेली. म्हणून अशा वेळी फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील अशी सोय फोनमध्ये करून ठेवा, आणि सरकारी यंत्रणेकडून आलेलीच सूचना पुढे द्या. मदत मागायची असेल तर ती ओटीवर किंवा सरळ फोन करून. २०२१ च्या पुरात लाइट आणि फोनचं रेंज दोन्ही गेलं होतं, हेही विसरू नका. फोनवर भरवसा ठेवावा, पण तेवढ्यावरच ठेवू नये.

वही हवीच

हीच गोष्ट आठवणींनाही लागू. ग्रुप म्हणजे कपाट नव्हे, ती वाहती जागा आहे. निरोप आपोआप नाहीसे होण्याची सोय त्यात असते, ती बंद आहे ना ते तपासा. फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरण्याची सोयही बंद ठेवा, म्हणजे फोन भरणार नाही. हवा तो फोटो दाबून घ्यायचा. चांगल्या निरोपावर तारा लावून ठेवा. आणि महिन्यातून एकदा, बचत गटाच्या बैठकीला जोडूनच, तारा लावलेलं सगळं एका जाड वहीत उतरवा. सांगणारीचं नाव, गाव, वाडी, तारीख, आणि आठवण तिच्याच शब्दांत. तिने "म्हातारा" म्हटलं असेल तर तुम्ही "ज्येष्ठ नागरिक" करू नका. वहीची एक प्रत उंचावरच्या वाडीत ठेवा आणि एक शाळेत किंवा वाचनालयात द्या. पाणी आलं तरी एक तरी वाचेल.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तीनच कामं करा. ओटीचा ग्रुप काढा. तीन अ‍ॅडमिन नेमा. आणि ग्रुपमध्ये जी काकी सगळ्यात जास्त फुलं पाठवते, तिच्या घरी जाऊन पहिली आठवण लिहून आणा. काय मिळालं ते आम्हाला जरूर कळवा, पुढच्या एखाद्या भागात तुमच्याच आवाजात ऐकवू.